पूजेतलं पेन

वीरभद्रप्पांच्या हाताला जोर फार. भवानी पेठेत त्यांचं चादरी-टॉवेलांचं दुकान, आणि चाळीस वर्षं बिलबुकात दोन-दोन कार्बन घालून लिहायची सवय. तिसऱ्या प्रतीवर आकडा उमटायचा तर पहिल्या प्रतीवर पेन रोवायलाच लागतं. हाताला एकदा वळण पडलं ते पडलंच. त्यांनी नळ बंद केला की आतला वायसर कामातून जायचा. टीव्हीच्या रिमोटची दोन बटणं त्यांनी आत ढकलली, ती पुन्हा वर यायला काही राजी झाली नाहीत. पाव्हण्याच्या पाठीवर कौतुकानं थाप मारली तर पाव्हण्याच्या हातचा चहा सांडायचा.

"मेल्लग, री, मेल्लग," त्यांची बायको बसव्वा दिवसातून कितीदा तरी म्हणायची. घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. मेल्लग म्हणजे हळू, अलगद; री म्हणजे अहो. वीरभद्रप्पांना दोन्ही भाषा उत्तम येत होत्या, पण हा एक शब्द कुठल्याच भाषेतून त्यांच्या कानात शिरत नव्हता.

जिभेचंही तेच. मनानं माणूस लोण्यासारखा, पण बोलला की समोरच्याला वळ उठायचा. आणि बोलून झाल्यावर वाईट वाटलं तरी ते परत घ्यायची सोय त्यांच्याकडे नव्हती. दुकानात पाटीच लावलेली होती ना, विकलेला माल परत घेतला जाणार नाही!

दोन वर्षांपूर्वी मुलाचं, मृत्युंजयचं लग्न झालं आणि चंद्रिका सून म्हणून घरात आली. अक्कलकोटची पोर, चित्रकला शिकलेली. रुखवतात इतर भांड्याकुंड्यांबरोबर तिची एक काळी, पातळ पाटी आली, आणि एक जाडसर पेन. पेनात शाई नाही की शिसं नाही. पाटीवर ते फिरवायचं आणि चित्र उमटायचं समोरच्या कॉम्प्युटरवर. आल्या आल्या तिनं मोठ्या हौसेनं सासऱ्यांना दाखवलं होतं, "मामा, हे बघा, पेन नुसतं टेकवलं की केसाएवढी रेघ येते. दाबलं की जाड होते. जेवढा जोर, तेवढी जाड."

"आण हिकडं," म्हणून वीरभद्रप्पांनी पेन घेतलं आणि तिसऱ्या प्रतीवर उमटेल अशी सही ठोकली. पडद्यावर सही कसली, डांबरी रस्ता उमटला. बसव्वा हसली, चंद्रिकाही हसली. झालं! वीरभद्रप्पांचं बिनसलं.

"ह्यात काय हाय? पोरांचा खेळ हाय ह्यो," ते म्हणाले.

तेव्हापासून त्या पाटीचं नाव घरात 'सूनबाईचा खेळ' पडलं. पाव्हणे आले, गिऱ्हाईक घरी आलं, शेजारचे बापूसाहेब चहाला आले, की वीरभद्रप्पा हटकून सांगायचे, "आमची सून? ती खेळत बसलीया आत." पहिल्या दोन-चार वेळा चंद्रिका हसली. मग एकदा बापूसाहेबांसमोर ते असं म्हणाले तेव्हा ती हसली नाही. चहाचे कप उचलून आत गेली. वीरभद्रप्पांनी ते पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं दाखवून वर्तमानपत्र उघडलं.

यंदाच्या नवरात्रात मात्र एक गोष्ट घडली. थेट पुण्याच्या एका प्रकाशन संस्थेकडून चंद्रिकाला फोन आला. लहान मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकासाठी तिनं नमुन्याचं चित्र पाठवलं होतं. संपादक उत्कर्षाताईंचा आवाज फोनबाहेर येण्याइतका खणखणीत होता, त्यामुळे शेजारी बसलेल्या वीरभद्रप्पांना सगळं आयतं ऐकू आलं. रेघा सुबक आहेत, पण सगळ्या एका जाडीच्या. चित्रातले आजोबा जिवंत वाटत नाहीत, चौकातल्या पुतळ्यासारखे वाटतात. रेघेत हलकं-जड आलं पाहिजे. नवमीला संध्याकाळी सहापर्यंत ते पान पुन्हा करून पाठवा, जमलं तर अख्खं पुस्तक तुमचं. नाहीतर दुसऱ्या एका चित्रकाराला द्यावं लागेल, छपाई थांबणार नाही.

त्यानंतरचे आठ दिवस वीरभद्रप्पा दुपारी जेवायला घरी आले की वर्तमानपत्राआडून सुनेकडे बघत होते. पडद्याची पाठ त्यांच्याकडे, त्यामुळे चित्र दिसायचं नाही. दिसायचा तो नुसता हात. पेन टेकवायचं, हळूहळू दाबायचं, मग जोर कमी करत उचलायचं. पुसायचं. पुन्हा टेकवायचं, दाबायचं, उचलायचं. एका रेघेसाठी पोरगी तासन् तास झगडत होती. मनगट दुखलं की झटकायची, ओल्या फडक्यानं मान पुसायची आणि पुन्हा बसायची. एक धागा चुकला म्हणून चादरींचा अख्खा गठ्ठा माघारी धाडणारा माणूस तो. त्याला कळलं. हे काम होतं. आपण दोन वर्षं ज्याला खेळ म्हणत आलो ते चोख काम होतं, आणि आपण चारचौघांत पोरीला हिणवत होतो. वीरभद्रप्पांना स्वतःची फार लाज वाटली.

आता हे तिला सांगायचं कसं? "माझं चुकलं" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून आजवर निघाले नव्हते. मग त्यांनी त्यांच्या परीनं वाट काढली. तोंडानं जमत नाही ते पूजेनं करू.

खंडेनवमीला वीरभद्रप्पांच्या घरची पूजा कडक. दुकानातली मोजपट्टी, कात्री, गठ्ठे शिवायचा दाभण, चादरीतल्या गाठी काढायचा बारीक चिमटा, सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं. विभूती, कुंकू, झेंडूची फुलं. एकदा हत्यार पूजेत बसलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. गेल्या साली एकजण लग्नाच्या आहेराचे टॉवेल मागायला आला होता. "मोजपट्टी पूजेत हाय," म्हणून त्याला दारातूनच परत पाठवलं. तो गेला तो गेलाच, पण नियम म्हणजे नियम.

यंदा मृत्युंजय पहाटेच्या एस.टी.नं मंगळवेढ्याला गेला होता, शेतातल्या कोयत्या-खुरप्यांची पूजा करायला. बसव्वा आणि चंद्रिका स्वयंपाकघरात होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, लाटत होत्या. वीरभद्रप्पा चोरपावलांनी चंद्रिकाच्या टेबलापाशी गेले, ती काळी पाटी आणि पेन उचललं आणि पाटावर नेऊन बरोबर मधोमध ठेवलं, मोजपट्टीच्याही पुढं.

बसव्वा तूप न्यायला आली आणि दारातच थांबली. "विचारलं का तिला?"

"विचारायचं काय त्यात? मान देतोय मी!"

पाटीवर त्यांनी तीन बोटांनी विभूतीचे पट्टे ओढले, चांगले रुंद. मग विचार केला, कात्रीच्या टोकाला कुंकू लावतो, दाभणाच्या टोकाला लावतो, मग पेनाच्या टोकालाच का नको? टोकात तर सगळी करामत. ओलं कुंकू वाटीत तयार होतंच. पेनाचं टोक त्यांनी वाटीत घातलं, आणि उगाच लागलं-न लागलं असं व्हायला नको म्हणून चांगलं दाबून धरलं. मग वर एक झेंडूचं फूल ठेवलं आणि मिशीला पीळ देत हाक मारली, "चंद्रिका, आरती घ्यायला ये गं!"

चंद्रिका पदराला हात पुसत आली. पाटाकडे बघितलं आणि बघतच राहिली.

"मामा... माझं पण?"

"तुझं काय म्हंजे? घरात ज्येचं-त्येचं हत्यार हाय, ते समदं आलं की."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं वाकून नमस्कार केला तो आधी पाटाला आणि मग सासऱ्यांना, आणि दुसरा नमस्कार पहिल्यापेक्षा लांबला. वीरभद्रप्पांचा ऊर भरून आला. हिशेब मिटला, बोलायचीही गरज पडली नाही, असं त्यांना वाटलं आणि त्या आनंदात त्यांनी दोन होळग्या जास्त खाल्ल्या.

जेवणानंतर डुलकी काढून ते उठले, तर चंद्रिका टेबलाशी बसलेली. हातात पेन नाही, माऊस. तोंड एवढंसं झालेलं.

"आज सणाचं काय करतीस?"

"काही नाही मामा. सहापर्यंत पान पाठवायचंय ना, नुसती मिशी राहिलीय. पेन पूजेत आहे, म्हणून माऊसनं होतंय का बघते."

वीरभद्रप्पांची झोप खाडकन उतरली. नवमी. संध्याकाळी सहा. फोन त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. पण खंडेनवमीला कुणी काम करतं हे काही त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. पुण्याचे लोक!

"मग आदी बोलली का न्हाईस?"

चंद्रिका खाली बघत म्हणाली, "तुम्ही पहिल्यांदाच ते पूजेत मांडलंत. काढा कसं म्हणू?"

ते तिच्या खुर्चीमागं जाऊन उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्यांनी ते चित्र पाहिलं. एक म्हातारा आरामखुर्चीत झोपलाय आणि त्याच्या भरघोस मिशीत एक चिमणी घरटं बांधतेय. म्हाताऱ्याच्या मिशीचं डावं टोक वर आणि उजवं जरा खाली. वीरभद्रप्पांचा हात आपोआप स्वतःच्या मिशीकडे गेला. डावं टोक वर, उजवं जरा खाली. कपाळावर विभूतीसुद्धा होती. आठ दिवस पोरगी झगडत होती ती आपल्याच मिशीचा एकेक केस काढायला! आपण तिला हिणवत होतो, आणि ती आपल्याला इतकं निरखून बघत होती. पण माऊसला हलकं-जड कुठलं कळायला? मिशीचे केस सुतळीसारखे आले होते, चिमणीला घरट्याला वेगळी काडी आणायची गरजच नव्हती.

वीरभद्रप्पा तडक पाटापाशी गेले. क्षणभर उभे राहिले. मग झेंडूचं फूल बाजूला ठेवून त्यांनी पाटी आणि पेन उचललं.

"री!" बसव्वा म्हणाली. "उद्या सकाळपर्यंत..."

"हत्याराचा मान म्हंजे काम. उपाशी ठिवून कसला मान?" आणि पाटी सुनेपुढं ठेवली. "घे. कर."

चंद्रिकाचा चेहरा उजळला. तिनं विभूती पुसली, वायर जोडली, पेन उचललं. पण पेन पाटीवर टेकायच्या आतच पडद्यावर एक जाडजूड रेघ उमटली. उचललं तरी रेघ. हलकं धरलं तरी जाड. तिनं सेटिंग उघडून बघितलं, काहीही करा, पेन म्हणत होतं की मला पूर्ण दाबलंय. मग तिनं पेन डोळ्यांजवळ धरलं. टोक आत गेलेलं, आणि भोवती लाल कुंकू वाळून घट्ट बसलेलं.

तिनं हळूच मान वर करून सासऱ्यांकडे बघितलं. वीरभद्रप्पांना त्या नजरेतला प्रश्न लख्ख वाचता आला. मुद्दाम केलंत का, मामा? दोन वर्षं खेळ म्हणणाऱ्या माणसाबद्दल दुसरं काय मनात येणार! तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"माझं चुकलं," वीरभद्रप्पा म्हणाले.

बसव्वाच्या हातातलं पातेलं खाली पडलं. त्या आवाजावरच वीरभद्रप्पांना कळलं की शब्द खरोखर बाहेर पडलेत. एकदा पडलेच आहेत म्हटल्यावर त्यांनी उरलेलेही सोडले, "टोकाला कुंकू मीच लावलं, दाबून लावलं. मला वाटलं, तुझ्या हत्याराचा पयला मान. आन् खेळ म्हणत आलो तेबी चुकलंच. आता ह्ये दुरुस्त कसं करायचं तेवढं सांग."

चंद्रिकानं त्यांच्याकडे बघितलं, आणि तिच्या कपाळावरची आठी गेली. "टोक बदलता येतं मामा. डब्यात जास्तीची टोकं आहेत. पण जुनं ओढून काढायची एक छोटी लोखंडी कडी होती..."

"ती कडी?" बसव्वा चाचरत म्हणाली. "नवरात्राच्या आवराआवरीत एक वायसर सापडला होता गं. मला वाटलं, ह्यांनी मोडलेल्या नळाचा असंल. टाकला की मी."

चंद्रिकानं नखानं ओढून बघितलं, टोक हलेना. चिमटीत धरायला जागाच नव्हती. तिनं घड्याळाकडे बघितलं.

"आत काय असतंय?" वीरभद्रप्पांनी विचारलं.

"आत नाजूक भाग असतो. तोच दाब ओळखतो. सरळ ओढायला पाहिजे, वाकडं ओढलं की संपलं. नवीन पेन मागवलं तरी आठवडा लागेल."

वीरभद्रप्पा पुन्हा पाटाकडे गेले आणि या वेळी गाठी काढायचा चिमटा उचलला. एकदा नियम मोडलाच होता. खिडकीपाशी जाऊन बसले, नाकावर चष्मा चढवला. बसव्वानं सवयीनं तोंड उघडलं, "मेल्लग, री," आणि ती मध्येच गप्प झाली. सांगायची गरज नव्हती. नळाचा वायसर चिरडणारा तो हात चिमटा धरल्याबरोबर कापसाचा झाला होता. ओल्या फडक्याच्या कोपऱ्यानं त्यांनी कुंकू भिजवून मऊ केलं, चिमट्याच्या दोन टोकांत पेनाचं टोक धरलं आणि सरळ रेषेत, श्वास रोखून, ओढत राहिले. टोक अलगद बाहेर आलं. मग टॉवेलाच्या कडेचा एक धागा काढून त्यांनी तो पिळला आणि पेनाच्या तोंडाशी उरलेलं कुंकू कणाकणानं टिपून घेतलं.

"चादरीची गाठ काडताना कसा हात असतोय बगा तुमचा," बसव्वा हळूच म्हणाली. "घरातल्या माणसास्नी तसा कवा लावला न्हाई."

एरवी या वाक्यावर तासाभराचं भांडण झालं असतं. वीरभद्रप्पा नुसते "हां" म्हणाले.

चंद्रिकानं नवं टोक बसवलं. पेन टेकवलं. पडद्यावर केसाएवढी रेघ आली. दाबलं, ती भरली. उचललं, ती निमुळती होत विरून गेली. "आलं मामा!" म्हणून ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की बाहेरच्या कट्ट्यावरचं मांजर पळालं.

मग घरात कुणी हलेना. बसव्वानं चहा टाकला तोही पातेल्यावर झाकण न वाजवता. वीरभद्रप्पा खुर्ची ओढून पडद्याशेजारी बसले, मान सरळ, मिशी पुढं. मधूनच चंद्रिका म्हणायची, "मामा, जरा उजवीकडे," आणि ते निमूट उजवीकडे वळायचे. सुतळीचे केस गेले, मिशी उगवू लागली. मुळाशी दाट, टोकाशी पिसासारखी. शेवटचा केस तिनं चिमणीच्या चोचीत दिला. सहाला थोडा वेळ असताना पान पुण्याला रवाना झालं.

दिवेलागणीला प्रसादाला बापूसाहेब आले. त्याच वेळी उत्कर्षाताईंचा फोन आला, आणि त्यांचा आवाज तसाच खणखणीत होता. "चंद्रिका, आजोबा घोरताहेत असं वाटतंय गं! पुस्तक तुझं. ती मिशी कुठून आणलीस?"

"घरचीच आहे," चंद्रिका म्हणाली.

बापूसाहेबांनी टेबलाकडे बोट दाखवत सवयीप्रमाणे विचारलं, "काय वीरभद्रप्पा, सुनंचा खेळ जोरात दिसतोय?"

"खेळ न्हाय त्यो," वीरभद्रप्पा म्हणाले. "हत्यार हाय तिचं. सकाळी पूजा केलीया मी."

ते ऐकून चंद्रिकानं वायर काढली आणि पाटी नि पेन स्वतः नेऊन पाटावर मधोमध ठेवलं. शेजारी वीरभद्रप्पांनी चिमटा ठेवला. विभूती पुसली गेली होती, म्हणून तिनं वाटी त्यांच्यापुढं धरली. "परत लावा, मामा. कुंकू नको. एवढंच."

वीरभद्रप्पांनी तीन बोटं विभूतीत बुडवली. पाटीवर टेकवली, आणि जीव मुठीत धरून, फुलपाखराला हात लावावा तशी, डावीकडून उजवीकडे नेली. चौघंही वाकून बघू लागली. पाटी जशीच्या तशी काळी होती. एकही पट्टा उमटला नव्हता.

चंद्रिकाला हसू आवरेना. "मामा," ती म्हणाली, "थोडा जोर लावा की!"